आबांचं रिव्हॉल्वर परदेशी जातं

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, आयुष्यात एकदाच परदेशी गेले आणि जाताना भरलेलं रिव्हॉल्वर घेऊन गेले. मला हे ठाऊक नव्हतं. ते ज्या पिशवीत होतं त्याच पिशवीवर बसून मी विमानतळावर थर्मासमधला चहा प्यायले. (वर आबांना म्हणाले, "काय हो आबा, पिशवीत दगड भरलेत का? टोचतंय!")

गोष्ट नव्वदीतली. माझी धाकटी नणंद शालन लग्न होऊन आखातातल्या एका शहरात राहायला गेली होती. तिचे यजमान मनोहर दाजी तिथं एका बांधकाम कंपनीत हिशेबनीस. शालनला मुलगा झाला आणि तिनं फोनवर रडून सांगितलं, "बारशाला आबा आलं न्हाईत तर पोराचं नावच ठेवणार न्हाय." माझ्या नवऱ्याची साखर कारखान्यात नोकरी, गाळप नुकतं सुरू झालेलं, रजेचं नाव काढायची सोय नव्हती. मग आबांना घेऊन जाणार कोण? मी! मी भवानीनगरला पाचवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवत होते. 'दिस इज अ कॅट' एवढ्या शिदोरीवर घरच्यांनी मला एका म्हाताऱ्याचा आणि दोन देशांचा व्यवहार सोपवला.

आबांविषयी थोडं सांगायला हवं. कळंबच्या शिवारात आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आबांनी ती विकून ऊस लावला, पण खांद्यावरची घोंगडी काही सोडली नाही. रानातल्या एकट्या वस्तीवर राहायचं म्हणून त्यांनी रिव्हॉल्वरचा रीतसर परवाना काढलेला. ते त्यांनी उभ्या जन्मात एकदाच उडवलं, दसऱ्याला, पूजा झाल्यावर. त्या आवाजानं शेजारच्या तात्यांची म्हैस आटली आणि तात्या आमच्याशी वर्षभर बोलले नाहीत.

विमानतळ कुठला, ते मी सांगणार नाही. तिथली माणसं आता निवृत्त झाली असतील. कशाला कुणाचं पेन्शन अडकवा!

तपासणीच्या ठिकाणी सामान यंत्रातून सरकत होतं. पडद्यासमोरचा शिपाई जांभया देत होता. माझी पिशवी आत गेली आणि त्याची जांभई अर्ध्यावरच थांबली.

"ये क्या है?"

पिशवीत पुरणयंत्र होतं! शालनला बारशाला पुरणपोळ्या करायच्या होत्या आणि तिकडं तसलं यंत्र मिळत नव्हतं. आता पडद्यावर ते दिसत होतं खरंच भयंकर. दांडा काय, पाती काय, भोकं काय! बघता बघता चार शिपाई गोळा झाले. एकानं ते लांब धरलं, दुसऱ्यानं कान लावून टिकटिक ऐकू येते का ते पाहिलं.

"मॅडम, इससे क्या उडाते हैं?"

"उडाते नहीं, पुरण वाटते हैं," मी म्हणाले. मग मला भर विमानतळावर, हवेतली डाळ त्या यंत्रात घालून, दांडा फिरवून दाखवावा लागला. मागच्या रांगेतली माणसं टाचा उंचावून बघत होती. पडद्यासमोरचा शिपाईसुद्धा खुर्ची सोडून आला. आणि नेमक्या त्याच वेळी, कुणी बघत नसताना, आबांची पिशवी यंत्रातून डुलत डुलत पलीकडं गेली. आबांनी ती उचलली, खांद्याला लावली आणि मला म्हणाले, "उरक की पोरी, किती येळ लावतीस!"

तिकडं उतरल्यावरही सामान पुन्हा यंत्रातून गेलं. तिथल्या माणसानं आबांची पिशवी उघडली, वरची घोंगडी उचलली, तीनदा शिंकला आणि घाईघाईनं पिशवी मिटून पुढं ढकलली.

शालनच्या घरी पोचलो. नातू बघून झाला, चहा झाला. मी म्हटलं आबांचे कपडे कपाटात लावून द्यावेत. पिशवीतली घोंगडी झटकली, तर तिच्यातून धोतरात गुंडाळलेलं काहीतरी धप्पकन सतरंजीवर पडलं. मी धोतर सोडलं.

पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही. शालन सांगते, की मी "सा... सा... साप!" असं ओरडले. (सापच असता तर बरं झालं असतं!)

मनोहर दाजी धावत आले. त्यांनी ते पाहिलं, दार लावलं, खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. त्यांचा चेहरा पिठुळ चांदण्यासारखा झाला होता.

"आबा," ते कुजबुजले, "हे काय आणलंत?"

"रिव्हॉल्वर हाय," आबा शांतपणे म्हणाले. "घरी कुनाच्या भरवशावं ठिवायचं? ज्याच्या नावचा परवाना, त्यानं हत्यार आपल्या ताब्यात ठिवायचं. कायदा हाय तसा!"

"आबा, हितला कायदा येगळा हाय! हितं कळलं तर तुमाला तुरुंगात घालतील. मला घालतील. वैनीला घालतील!"

वैनी म्हणजे मी! दिवाळीची सुट्टी संपल्यावर पाचवीचा वर्ग, फळा, आणि 'बाई कुठं आहेत?' या प्रश्नाला मुख्याध्यापकांचं उत्तर, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. खालून पोलिसांची गाडी भोंगा वाजवत गेली. ती दुसरीकडंच चालली होती, पण आम्ही तिघंही एकाच पलंगाखाली शिरायला बघत होतो. आबा तेवढे खुर्चीत बसून पान लावत होते.

आता ते ठेवायचं कुठं? आबांनी आधी गोळ्या काढून दाजींच्या हातात दिल्या. दाजींनी त्या निखारे धरावेत तशा धरल्या. शेवटी रिव्हॉल्वर तांदळाच्या डब्यात पुरलं. झाकण लावतो न लावतो तोच दारावरची घंटी वाजली. शेजारची गुजराती बाई हातात वाटी घेऊन उभी!

"थोडा चावल मिलेगा?"

"चावल नहीं!" आम्ही तिघंही एका सुरात ओरडलो. ती बिचारी घाबरून मागं सरली. तिच्या मनात आमच्याविषयी काय आलं देव जाणे, पण थोड्या वेळानं तिनंच कुठून तरी तांदूळ मिळवून आम्हाला पातेलंभर खिचडी आणून दिली. ती कुणाच्या घशाखाली उतरली नाही.

"समुद्रात टाकून येतो," दाजी म्हणाले.

"खबरदार!" आबा कडाडले. "इंदापूरच्या ठाण्यात दाखवावं लागतंय ते. काय सांगू फौजदाराला? समुद्रात पवायला गेलंय?"

"मग काय करायचं, आबा?" शालन रडकुंडीला आली. तिच्या मांडीवर बाळ होतं, आणि तिला एकदम बापाची, नवऱ्याची आणि वहिनीची काळजी करायची होती. "ह्याला त्याचा बाप तुरुंगाच्या गजांबिगर दिसंल का न्हाय, तेवढं सांगा!"

आबा नातवाकडं बघत राहिले. मग उठले, आरशासमोर फेटा बांधला आणि म्हणाले, "चला ठाण्यात."

"कुठं?"

"ठाण्यात. विलेक्शनला हत्यार जमा करतो का न्हाय आपुन? तसंच हितं करायचं. जाताना परत घ्यायचं. आपुन चोरी केलीय का दरोडा घातलाय?"

दाजींनी पुष्कळ समजावलं. पण लपवण्यात आज ना उद्या सगळ्यांचाच जीव जाणार होता, हे त्यांनाही कळत होतं. निघालो. टॅक्सीत आबांच्या मांडीवर घोंगडी, घोंगडीत ते. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी डोळे मिटत होते. (गोळ्या दाजींच्या खिशात आहेत हे माहीत असूनसुद्धा!) दाजी रामरक्षा म्हणत होते, पण तीच तीच ओळ फिरून फिरून.

ठाण्यातल्या साहेबाला हिंदी येत होतं. मी मनातल्या मनात हिंदी वाक्य जुळवत होते. आबांनी सरळ घोंगडी टेबलावर ठेवली आणि उलगडली.

साहेब खुर्चीसकट मागं सरकला. दारातले दोघं बंदुका रोखून आत आले. मी हात वर केले. दाजींनी हात वर केले. आबांनी खिशातून परवाना वर केला.

"जमा करना है!" मी ओरडले. "ये बुजुर्ग का है। गलती से... नहीं, गलती से नहीं... कायदे से लाया!"

साहेबानं परवाना उलटसुलट पाहिला. त्याचा आवाज थंड होता. "कहाँ से लाया?"

"विमान से."

"मशीन से गया था बॅग?"

"जी. वहाँ की मशीन से."

"और यहाँ?"

"यहाँ की मशीन से भी," मी म्हणाले.

साहेबानं बंदूकवाल्यांना बाहेर घालवलं आणि दार स्वतः उठून लावलं. मग त्यानं फोन केला. मोठा साहेब आला. त्यानं हेच विचारलं, मी हेच सांगितलं. तोही रुमालानं कपाळ पुसत बाहेर गेला. मग त्याहून मोठा आला. जसजसे मोठे साहेब येत होते तसतसा मला जास्त घाम फुटत होता, आणि खूप उशिरा माझ्या ध्यानात आलं, की घाम त्यांनाही फुटतोय! आमच्यावर खटला भरायचा तर पहिला प्रश्न हाच निघणार होता, की हे शहरात शिरलं कसं? आणि त्याचं उत्तर त्यांच्याच विमानतळावर शिंका देत उभं होतं.

संध्याकाळी सगळ्यात मोठ्या साहेबानं आम्हाला चहा दिला. हत्यार आणि गोळ्या इथं मोहोरबंद राहतील, जाताना वैमानिकाच्या ताब्यात देऊ, आणि ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं बजावलं. मी "शुक्रिया, शुक्रिया" म्हणत दाराकडं पळत सुटले होते. मागं बघते तर आबा जागचे हललेले नाहीत.

"पावती," आबा म्हणाले. "पावतीबिगर मी न्हाय उठनार."

बारसं झालं, पुरणपोळ्या झाल्या, आम्ही निघालो. वाटलं, सुटलो! पण आपल्या विमानतळावर वैमानिकानं ते मोहोरबंद पुडकं तिथल्या कस्टमच्या साहेबांच्या हवाली केलं आणि त्यांनी मला पुन्हा एका टेबलासमोर उभं केलं.

"बाई, हे हत्यार देशाबाहेर गेल्याची आमच्याकडे नोंदच नाही."

"पण गेलं होतं ना, साहेब."

"शक्य नाही. आमच्या इथून असं काही जाऊच शकत नाही."

"मग आलं कसं?" आबांनी विचारलं.

साहेबांनी आबांकडं पाहिलं, पुडक्याकडं पाहिलं. बराच वेळ पेन चावलं. आता हे एक तर आबांना आत टाकतील, नाही तर मला. साहेब पुन्हापुन्हा परवाना वाचत होते. अखेर ते हळू आवाजात म्हणाले, "जे गेलंच नाही, ते आलंही नाही. परवाना बरोबर आहे. उचला आणि चालू लागा. आणि मागं वळून बघू नका." आम्ही वळून बघितलं नाही ते थेट बारामती येईपर्यंत.

घरी आल्यावर मी आठवडाभर अंथरुणात. डॉक्टर म्हणाले, भीतीचा ताप. आणि आबा? ते पारावर बसून सगळी हकिगत रंगवून सांगत होते!

मी बरी होऊन अंगणात येते तो मोरगावकडचे एक लांबचे पाहुणे समोर उभे. हातात दाव्याला बांधलेला धष्टपुष्ट बोकड.

"वैनी, आमचा जावई बी तिकडंच आसतो. त्याला ह्यो धाडायचा हाय. इमानतळावं तुमची लई वळख हाय म्हनं!"

"अहो, माझी कसली ओळख! आणि बोकड कसा जाईल विमानात?"

"आता बगा! रिव्हॉल्वर जातंय, मग ह्यो का न्हाय जायाचा?"

मी रागावून त्यांना दारातूनच परत धाडायला हवं होतं. पण माणसाला एकदा मोठेपणा चिकटला की सुटत नाही हेच खरं. मी पदर सावरला, बोकडाकडं जाणकारासारखं पाहिलं आणि विचारलं,

"मशीनमधून जाताना वरडणार तर न्हाय ना?"