मागच्या टाकीची तोटी

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अमरावतीला लेकीकडे होते. जावई दारातच उभे राहिले, चपला काढेनात, तेव्हाच मला कळायचं ते कळलं. "आई, बाळापूरहून फोन होता," एवढंच ते म्हणाले... मी मेथी निवडत होते. हातातली जुडी सगळी निवडून झाली, काड्या एका बाजूला सारल्या, आणि मग उठून पिशवी भरायला लागले. त्याला आता महिना उलटून गेला, मी बाळापूरला घरी परत आले आहे. लेक म्हणते, आई, तू त्यांच्यावर लिही, नाही तर आतल्या आत कुढत बसशील. तिला लिहा म्हणायला काय जातं? लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं ज्या माणसाशी मी एक अक्षर बोलले नाही, त्याच्याबद्दल लिहायचं म्हणजे सुरुवात कुठून करावी हेच समजत नाही.

दादा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर धाकट्या सुनेनं उभं राहायचं नाही, पदर ढळू द्यायचा नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. त्यांच्या ताटातली भाजी संपली की मी भिंतीकडे पाहून म्हणायची, "भाजी संपली वाटते." मग भिंतीच्या वतीनं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाढायच्या. ते मला कधी काही विचारत नसत. ओसरीवर यायच्या आधी खाकरायचे, म्हणजे मला आत पळायला वेळ मिळावा. आजच्या मुलींना हे सांगितलं तर त्या हसतात. मलाही हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं.

लढाईचे दिवस होते. वऱ्हाडावर तेव्हा मध्यप्रांताचं सरकार आणि पेट्रोल कुपनावर. आम्ही माळी. झेंडू, शेवंती, वांगी, मिरची अकोल्याच्या बाजारात न्यायचो. फुलं काही कुपनाची वाट पाहत थांबत नाहीत, एका दिवसात माना टाकतात. दादांनी कोण्या वकिलाची जुनी मोटार घेतली, मागची बैठक कापून काढली आणि तिथं लाकडी पेटी ठोकून घेतली. पुढं माणसं, मागं टोपल्या. मोटारीची स्वतःची टाकी पुढच्या बैठकीखाली होती आणि ती एवढीशी. म्हणून दादांनी मागच्या पेटीत उंच फळीवर पत्र्याची दुसरी टाकी बसवली. तिच्यातून एक नळी पुढच्या टाकीत जायची आणि त्या नळीला तोटी. पुढची टाकी खाली होत आली की तोटी उघडायची, भरत आली की बंद करायची. जास्त सुटलं तर पेट्रोल उतू जाऊन बैठकीखालच्या फळ्यांवर सांडणार आणि पुढं तापलेलं इंजिन. आमच्या गड्यांपैकी एकही त्या टाकीजवळ बसायला धजत नसे. ते काम माझ्या नवऱ्याचं.

गाडीच्या आवाजात बोललेलं ऐकू जात नसे, म्हणून दोघा भावांनी खुणा ठरवल्या होत्या. गाडी दादा हाकायचे, पुढच्या टाकीत काडी घालून अंदाज घ्यायचे आणि हात बाहेर काढायचे. पंजा दिसला की तोटी उघड, मूठ दिसली की बंद. तोटी ढिली होती, हादऱ्यानं आपोआप फिरायची. दुसऱ्या कोणी ती तारेनं आवळली असती. आमच्या घरात हाताला पहिला लागतो तो हार ओवायचा सोपट, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीचा दोरा, सोपटानंच बांधली. ओला असेतो त्याची गाठ हलत नाही, वाळला की तुटतो. म्हणून पेटीत पाण्याचा लोटा ठेवायचा आणि गाठीवर शिंपडत राहायचं. इतकी वर्षं ते निभलं आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या वैशाखात ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. रात्रभर गडाबडा लोळले, सकाळी अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आजच कापावं लागेल, उद्यावर टाकू नका. रेल्वे संध्याकाळची होती. दादा म्हणाले, गाडीनंच जाऊ. ह्यांना पुढं आडवं केलं, डोकं आत्याबाईंच्या मांडीवर. आता मागं कोण? मी तिथंच उभी होते, पण दादा आईकडे वळले. "तिले इचार, तोटी पाहीन काय?" मी भिंत शोधली. दवाखान्याचा खांब होता, त्याला म्हटलं, "पाहते म्हणा."

मी मागच्या पेटीत चढले. फळ्यांच्या फटीतून ह्यांचा पाय दिसत होता, तो हलला की मला बरं वाटायचं. मूर्तिजापूरला गाडी थांबली, दादा इंजिनासाठी पाणी आणायला विहिरीवर गेले. त्या तेवढ्या वेळात आत्याबाईंनी धर्मशाळेच्या चुलीतून गाडगंभर विस्तव मागून आणला. लेकाच्या पोटाला शेक द्यायचा होता, आईच ती. दादा ओरडतील म्हणून गाडगं पदराखाली धरलं. हे मला मागून दिसलं नाही. गाडी निघाली. ह्यांना ताप चढत होता, आत्याबाई फटीतून हात घालून पाणी मागत राहिल्या, मी देत राहिले. लोटा रिकामा झाला. पुढचं पाणी बडनेऱ्याला.

ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना. मी टोपल्यांना टेकून देवाचं नाव घेत होते आणि एकदम पेट्रोलचा वास आला. पाहते तो सोपट तुटून पडलेला, तोटी अर्धी फिरलेली, नळीतून खळखळ आवाज. मी झडप घालून तोटी बंद केली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. फटीला डोळा लावला. बैठकीखालच्या फळ्या ओल्या झाल्या होत्या, आणि त्यांच्याच वर, बैठकीवर मांडी घालून आत्याबाई गाडग्यात फुंकर मारत होत्या. लाल निखारा दिसला... मी हाका मारल्या, "आत्याबाई, आत्याबाई!" इंजिनापुढं त्यांना काय ऐकू येणार. फळ्यांवर लाथ मारली. त्यावर दादांचा हात बाहेर आला. उघडा पंजा.

त्यांना वाटलं, मी विचारते आहे, सोडू का? त्यांच्या हिशेबानं पुढची टाकी खाली व्हायची वेळ झालीच होती. पंजा तसाच बाहेर, बोटं हलवून सांगत होता, उघड, उघड. त्यांना नाही म्हणायची खूणच कोणी ठरवली नव्हती. पुढं माझा नवरा, त्याच्या अंगाखाली पेट्रोल, उशाला विस्तव... मी फटीला तोंड लावलं आणि जीव खाऊन ओरडले, "दादा, गाडी थांबवा. आत्याबाईपाशी विस्तव हाये. खाली पेट्रोल सांडलं."

गाडी कचकन थांबली. दादांनी आईच्या हातातलं गाडगं नुसत्या हातांनी उचललं. फेकलं नाही, ठिणगी उडाली तर संपलंच. पोराला घ्यावं तसं पोटाशी धरून ते शेतात दूर गेले, भेगाळलेल्या काळ्या मातीत ते ठेवलं आणि तिथंच खाली बसले. पाठमोरे होते. मग उठले, धोतराच्या ओच्यात माती आणली, फळ्यांवर टाकली, निपटली, पुन्हा टाकली. गाडी चालू करायला हँडल फिरवलं तेव्हा त्यांच्या तोंडून कण्हणं आलं. दोन्ही तळवे भाजून कातडी सुटली होती. त्या हातांची मूठ होईना आणि पंजा उघडेना.

म्हणून अमरावतीपर्यंत ते ओरडून सांगत गेले. "उघड, बाई." मी म्हणायची, "उघडली." "बंद कर." "केली, दादा." तोटी मी हातातून सोडलीच नाही. संध्याकाळी ह्यांचं पोट कापलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला बसून होतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. मग मी पदरात तोंड घालून रडले. दादाही रडले असावेत, मी पाहिलं नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी गावाला सांगितलं ते काय, तर धाकटी भासऱ्याच्या तोंडाला लागली. विस्तवाचं त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. एवढ्याशा निखाऱ्यानं काय होते, म्हणायच्या. दादा जेवत होते, ते न वर पाहता म्हणाले, "बोलली म्हणून तुहा पोरगा जिता हाये. आता तिले चूप करू नोको." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलू लागले. भाजीचं बोलायची, बाजारभावाचं बोलायची, पुढं पुढं भांडायचीही. मोटार त्यांनी लढाई संपायच्या आत विकली. का विकली ते कोणाला सांगितलं नाही.

यंदा मी अमरावतीला लेकीकडे निघाले त्या सकाळी ते खाटेवर पडून होते, खूप थकले होते. चहा दिला तर कप बाजूला ठेवून म्हणाले, "बाई, तुले अजून तो वास येते काय?"

मी दारातच थबकले. आमचे हे तर तापात होते, त्यांना त्या दिवसाचं काही आठवत नाही. म्हटलं, "येते, दादा. दुपारी डोळा लागला का येते. उठून चुलीकडे पाहून येते मी."

"मलेही येते. कोणाले सांगतलं नाई. भेव वाटे, लोक हासतीन." मग त्यांनी कप पुन्हा हातात घेतला. "तुले येते म्हणते, बरं वाटलं मले."

काल दुपारी वास आला. चूल विझलेली होती, दोनदा पाहिली. तरी राहवेना, म्हणून दादांच्या खोलीकडे गेले. खाट भिंतीला उभी करून ठेवली आहे. आमचे हे ओसरीवरून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काई नाई." आता त्या वासाला भिणारी मी एकटीच उरले आहे.