तळघरातला शेतखाना

मी दहा वर्षांची असताना, शेवटच्या बाळंतपणात, आईचा उजवा पाय धरला, तो पुन्हा सुटलाच नाही. आळीतल्या बायका पहाटे तांब्या घेऊन खाडीकडच्या झुडपांत जायच्या. आई दहा पावलांत भिंत धरून उभी राहायची. घराच्या कडेला तिच्यासाठी आडोसा धरून उभं राहणं माझ्याकडे आलं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची. वडील कल्याणच्या कचेरीत होते आणि आठवड्यातून एकदाच ठाण्याला घरी येत. अशाच एका सकाळी ते म्हणाले, "तळघरात शेतखाना बांधून घेऊ." संडासाला तेव्हा आमच्याकडे शेतखाना म्हणत.

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. "तळघरात नको."

"मग दुसरी जागा दाखव."

दुसरी जागा नव्हती. आमचं घर टेंभीच्या उतारावर होतं. पुढून रस्त्याला लागून, मागून मात्र तळघराची भिंत गल्लीत उघडी पडलेली. त्या भिंतीला झरोका पाडला की मैल्याची टोपली बाहेरच्या बाहेर नेता येणार होती. वडिलांचं म्हणणं बरोबर होतं, आणि तरी ते सांगताना त्यांनी आईकडे बघितलं नाही.

तळघर चार वर्षं बंद होतं. माझी आत्या तिथेच वारली होती.

आत्या वडिलांची धाकटी बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. मोठ्याने हसायची, म्हणून आळीत तिला नावं ठेवत. पटकीची साथ आली त्या वर्षी पहिली उलटी होताच तिने स्वतःची चटई उचलली आणि "पोरं वर राहू देत, मी खाली राहते," म्हणून तळघरात गेली. मला शेजारी पाठवलं. घरात आई आणि पाळण्यातला माझा भाऊ उरले. तिसऱ्या दिवशी आत्या गेली. मला एवढंच ठाऊक होतं.

कोलशेतचा एक किरिस्ताव गवंडी कामाला आला. दार उघडल्यावर त्याने आधी छातीवर क्रूस काढला, मग आत पाऊल टाकलं. आत कुबट ओल होती. चार दिवसांत त्याने दगडी बैठक बसवली, भिंतीला झरोका पाडला, जिन्याच्या तळाशी नवी फळी लावून दार नीट केलं. जुनी कडी हातात घेऊन त्याने वर हाक मारली, "बाय, ही बाहेरशी लावू ना परत?"

आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. "नको."

"वारा आला का दार वाजत ऱ्हाल."

"वाजू दे. आतून लाव हवी तर. बाहेरून नको. आणि ती कडी घेऊन जा तू इथून."

तो कडी पिशवीत टाकून गेला.

मग रोज दोनदा मी आईला धरून त्या अकरा पायऱ्या उतरायचे आणि तिसऱ्या पायरीवर बसून राहायचे. आई दोन तांबे भरून न्यायला सांगायची. एक परत यायचा, दुसरा आतच राहायचा. दुसऱ्या दिवशी त्यातलं पाणी कमी झालेलं असायचं. उंदीर पीत असतील, असं मी मनाशी म्हणायचे. पण पायरीवर बसलं की आपल्या वरच्या पायरीवर कुणीतरी बसलंय असं वाटे, आणि मान वळवायचा धीर होत नसे.

आत आई पुटपुटायची. मला वाटायचं, स्तोत्र म्हणतेय. एकदा शब्द स्पष्ट आले.

"वन्सं, दार उघडंच आहे हो. कडी नाही आता."

हे मी कुणाला सांगितलं नाही.

पुढे एका दुपारी आई बाहेरच येईना. हाका मारल्या, दार ढकललं. ती जमिनीवर बसून चौकटीवरून हात फिरवत होती. वडील त्या दिवशी घरी होते. माझी हाक ऐकून ते खाली आले.

"इकडे एक सांगायचं राहिलंय," आई त्यांना म्हणाली. "वन्सं त्या दिवशी भ्रमात वर आल्या. पाळण्यात हात घातला त्यांनी. मी त्यांना खाली नेलं आणि बाहेरून कडी घातली. त्या पाणी मागत होत्या. मी ऐकत होते. मग माझा डोळा लागला. संध्याकाळी खाली आले तर कडी निघालेली. वन्संच्या अंगावर नीट पांघरूण घातलेलं. कुणी काढली कडी? चार वर्षं मी..."

वडील पायरीवर बसले.

"मी काढली," ते म्हणाले. "निरोप मिळाल्यावर तसाच निघालो. तू पाळण्यापाशी झोपलेलीस. कडी बघितली आणि कळलं."

"आणि वन्सं?"

"होती अजून. पाणी प्यायली. माझ्या मांडीवर गेली. मग मी बाहेर गेलो आणि दिवेलागणीला पुढच्या दाराने आलो. जोडे वाजवत."

"बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होतो? मूल वाचलं होतं."

आई रडली नाही. त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. मी तिथे आहे याचं दोघांनाही भान नव्हतं.

त्यानंतर आईचं आतलं बोलणं थांबलं. मला मात्र लग्न होऊन कल्याणला जाईपर्यंत त्या पायऱ्यांची भीती वाटत राहिली. पुष्कळ वर्षांनी, वडील थकून माझ्याकडे राहायला आले होते, तेव्हा मी धीर करून विचारलं, "आत्या खरंच पाणी प्यायली होती का?"

त्यांनी उशाचा तांब्या जवळ ओढला.

"मी तसं सांगितल्यापासून तुझ्या आईला झोप लागायला लागली," ते म्हणाले.