कामापुरता कॉम्प्युटर

"कामापुरतं हाय ना? मंग झालं!" असं म्हणून चाचा अंगठा आणि तर्जनीमध्ये इंचभर जागा धरून दाखवायचे. डबा असो, खोली असो, बोलणं असो, त्यांचं माप तेवढंच. असा एखादा माणूस तुम्हीही कुठल्या तरी कारखान्यात पाहिला असेल. नसेल तर माझ्याकडून ऐका. या माणसाने एकदा माझी अब्रू वाचवली, आणि मी आभार मानायला गेलो तर मलाच चहा पाजून परत पाठवलं.

दोहात तेव्हा वर्ल्ड कपच्या कामांची नुसती धांदल होती. आमचा काँक्रीटचा प्लांट शहराबाहेर. खडी, वाळू, सिमेंट, पाणी आणि माल उन्हात तापू नये म्हणून बर्फ मापात घ्यायचं, कालवायचं आणि ट्रकमध्ये भरून साइटवर पाठवायचं. मी तिथे क्वालिटी इंजिनियर. नाशिकचा, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. चाचा प्लांट चालवायचे. श्रीवर्धनकडच्या एका खेड्यातले कोकणी मुसलमान, साठीला टेकलेले. मल्याळी, नेपाळी, इजिप्तचे मिसरी, सगळे त्यांना चाचाच म्हणत. बाकीच्यांशी ते हिंदीत बोलत आणि माझ्याशी मराठीत. त्या पत्र्याच्या केबिनमध्ये मला तेवढाच विसावा होता.

प्लांट चालायचा एका जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवर. काळा पडदा, हिरवी अक्षरं, ना चित्र ना माउस. आत एकच प्रोग्रॅम, तोही इतका छोटा की एका फ्लॉपीवर मावायचा. आकडे भरायचे, बटण दाबायचं, वजन होऊन माल खाली पडायचा आणि शेजारचा प्रिंटर कर्र कर्र करत पावती फाडायचा. चाचा दर शुक्रवारी त्याची धूळ सायकलच्या पंपाने उडवायचे आणि वर जुन्या चादरीचा तुकडा घालायचे. प्रोग्रॅमच्या दोन फ्लॉप्या बिस्किटांच्या डब्यात, एक केबिनमध्ये आणि एक खोलीवर. "बिस्मिल्ला म्हणेपर्यंत सुरू होतो," हे ते पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे.

मला त्या डबड्याची लाज वाटायची. स्टेडियमचं काम आणि यंत्र आजोबांच्या वेळचं! मी वर लिहून लिहून नवीन सॉफ्टवेअर मंजूर करून आणलं. ते आलं त्या दिवशी मी चाचांपुढे अर्धा तास गुण गायले. ट्रक कुठे पोचला ते नकाशावर दिसतं, रंगीत आलेख निघतात, हेड ऑफिसला रिपोर्ट आपोआप जातो.

चाचा शांतपणे ऐकत होते. "आनि काँक्रीट?"

"काँक्रीट काय, तेही होतं की!"

"तेही," चाचा म्हणाले, आणि चहा ओतायला उठले.

मी चिडलो. म्हटलं, ही जुनी खोडं अशीच, नवं काही आलं की यांच्या पोटात दुखतं. पण खरं सांगतो, चाचांनी अजिबात खळखळ केली नाही. चष्मा लावून बसले, एकेक पायरी वहीत लिहून घेतली आणि आठवड्यात नव्यावर हात बसवला. तक्रार एवढीच, "हा उठेपर्यंत माझा चहा पिऊन होतो, साहेब." जुना कॉम्प्युटर त्यांनी चादरीत गुंडाळून टेबलाखाली ठेवला. भंगारात द्यायचा तर गेट पास लागतो, आणि गेट पासवर चार सह्या.

आता त्या दिवसाचं सांगतो. एका स्टेडियमच्या पायाचा मोठा स्लॅब होता. असा स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये थांबायची सोय नाही. खालचा थर घट्ट झाला की वरचा त्याला धरत नाही, शिळ्या भाकरीवर ताजं पीठ थापावं तसं. मग तिथे सांधा राहतो, आणि असला सांधा पायात कुणी ठेवू देत नाही, फोडून काढावा लागतो. फोडायचा खर्च आमच्या कंपनीच्या माथी, आणि माझी नोकरी जाणार हे ओघाने आलंच. सहाच महिने झाले होते बायकोला आणि मुलीला दोहातल्या अल हिलाल भागातल्या फ्लॅटवर आणून. मुलगी शाळेत रुळली होती, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देण्याइतकी.

पहाटेपासून ट्रक झरझर जात होते. सकाळी साडेदहाला, एक तृतीयांश काम बाकी असताना, नव्या कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला. अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका. चार टक्के.

मी आधी हसलो, कारण मला ते खरंच वाटेना. मग सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही तक्रार नोंदवा, आमची माणसं संपर्क करतील." साइटवरून दुसरा फोन वाजायला लागला. पंप थांबलाय, ट्रक कुठाय? जोडीचा दुसरा प्लांट त्याच आठवड्यात दुसऱ्या कामावर हलवला होता. हाताने बटणं दाबून माल काढता आला असता, पण छापील पावतीशिवाय कन्सल्टंट, म्हणजे स्टेडियमवाल्यांच्या वतीने काम तपासणारा इंजिनियर, एकही ट्रक घेत नसे. तो मिसरी माणूस आमच्या केबिनमध्येच उभा होता, घड्याळाकडे बघत. "एक तास," तो इंग्रजीत म्हणाला, "त्यानंतर मी काम बंद करणार."

सहा टक्के.

चाचा वाकले आणि टेबलाखालून चादर ओढली.

"अहो, हा अजून इथेच?" मी ओरडलो. "भंगारात नाही गेला?"

"कसा जाईल? तीन सह्या झाल्या. चौथी तुमची."

तो गेट पास तीन आठवडे माझ्याच टेबलावरच्या ट्रेमध्ये पडून होता! आई नेहमी म्हणायची, तुझा आळस तुला एक दिवस खड्ड्यात घालणार. आई, माफ कर, त्या दिवशी त्यानेच वर काढलं.

चाचांनी नव्याच्या पाठीतली वजनकाट्याची जाड वायर उपसली आणि जुन्याला जोडली. बटण दाबलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. घरचं माणूस दिसावं तसं मला झालं. आतली बॅटरी मेल्यामुळे त्याने आधी तारीख विचारली. ती दिली. मग मिश्रणाचे आकडे. मी फायलीतून वाचत होतो, चाचा एका बोटाने टाकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत वाचा."

"चाचा, वेळ नाहीये!"

"चुकीचा माल पाठवायला तर अजिबात नाय. वाचा."

वाचले. वाळूचा आकडा मी घाईत पहिल्यांदा चुकीचा सांगितला होता. चाचांनी मान वर न करता तो दुरुस्त केला. मग कन्सल्टंटसमोर काट्यावर तपासणीची वजनं टांगली. पडद्यावर तेच, पावतीवर तेच. त्या मिसरी माणसाने पावती दोनदा निरखली, खिशात घातली आणि म्हणाला, "यल्ला, चाचा." म्हणजे, चला, होऊ द्या.

पहिला ट्रक साइटवर पोचला तेव्हा तासातली आठ मिनिटं उरली होती. पंप सुरू झाल्याचा फोन आला आणि मी वाळूच्या पोत्यावर बसून सरळ रडलो. लाज कसली? सुटलो होतो! बायकोला फोन करून उगाचच विचारलं, आज भाजी काय केलीस. ती म्हणाली, "उन्हात फिरलास का?"

उरलेलं काम दुपारच्या नमाजानंतर तासाभरात संपलं. त्याच सुमारास नवा कॉम्प्युटर जागा झाला. त्याने आमचं स्वागत केलं आणि दोहाचं हवामान सांगितलं.

मी त्याला शिव्या घालायला लागलो तर चाचांनी अडवलं. "त्याला कशाला बोलता? पन्नास कामं तुम्हीच दिलीत त्याला. पन्नास कामंवाला एखादं विसरणारच. ह्या म्हाताऱ्याला एकच येतं, म्हनून तो विसरत नाय." वर म्हणाले, "स्लॅबच्या दिवशी नव्याची इंटरनेटची वायर काढून ठेवत जा." एवढीच सूचना. आम्ही ती पाळली, आणि जुना कॉम्प्युटर टेबलावर त्याच्या शेजारी बसला. गेट पास मी फाडला.

साठी उलटल्यावर चाचांचा व्हिसा पुढे वाढला नाही. निरोपाला त्यांनी भाषण केलं, "चला, खुदा हाफिज," एवढंच. केबिनमध्ये नवा माणूस आला. चांगला होता बिचारा, पण दिवसभर बोलायचा.

पुढे वर्ल्ड कप आला. आमच्याच स्टेडियममधल्या दुपारच्या मॅचची तिकिटं मिळाली, बायकोला आणि मुलीला घेऊन गेलो. मध्यंतर संपता संपता मी चाचांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे गावी त्यांच्या सुनेने फोन त्यांच्यासमोर धरला. मी त्यांना मैदान, झेंडे, रंगवलेली तोंडं, सगळं दाखवलं.

"हे टीव्हीवर दिसतंय," चाचा म्हणाले. "खाली जा."

मला कळलं. मुलीला म्हटलं आलोच, आणि जिने उतरत अगदी तळाला गेलो. आमचा स्लॅब काही दिसणार नव्हता, वर चकचकीत फरशी आलेली. तरी साधारण जिथे पंप थांबला होता तिथे उभा राहिलो आणि फोन जमिनीकडे धरला. चाचांनी चष्मा लावला आणि फोन जवळ ओढला. एवढ्यात वर गोल झाला. सगळं स्टेडियम एकदम उठलं, हजारो पाय एकदम आदळले, आणि माझ्या पायाखाली काहीसुद्धा हललं नाही.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"ऐकलं," चाचा म्हणाले. "धरलंय, साहेब. जा, पोरीकडं जा."