पूजेतला शाफ्ट

निजामी गेल्यावर दोनेक वर्षांनी मी मिलिटरीच्या लिलावातली जीप मन्नाएखेळ्ळीला घरी आणली. चारही चाकं ओढतात म्हणून घेतली आणि महिनाभरातच पुढची चाकं रुसली. त्यांच्यापर्यंत जोर नेणाऱ्या शाफ्टचा सांधा झिजला होता. शाफ्ट काढून ठेवला तरी मागच्या दोन चाकांवर जीप सडकेनं चालायची, पण मला ते कमीपणाचं वाटायचं. हैदराबादेहून नवा सांधा मागवला. वस्ताद नाही, पुस्तक नाही. अंगणात गोणपाट अंथरून आठ दिवस झटलो. जुना सांधा ठोकताना अंगठा फुटला. सुईएवढे रोलर मातीत सांडले, ते परातीत घेऊन रॉकेलनं धुतले. परात अव्वाची, म्हणजे माझ्या आईची. त्यावरून तिनं मला रोज ऐकवलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शाफ्ट तयार झाला. गाडीला बसवायला पाऊण तास पुरला असता, पण मला मिरवायचं होतं. पान्ह्यांसोबत तोही पूजेत मांडला, विभूती-कुंकू लावलं. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. एरवी अव्वाच्या उपासतापासांची टिंगल करणारा मीच होतो.

नवमीच्या दुपारी निर्ण्याहून अक्काचा दीर सायकलीवर धापा टाकत आला. माझी थोरली बहीण सकाळी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, आणि रक्त जाणं थांबत नव्हतं. तिला हुमनाबादच्या दवाखान्यात न्यायचं होतं. एवढं सांगून तो तसाच मागे फिरला. निर्ण्याची वाट काळ्या मातीची, त्यात चार दिवस पाऊस झालेला.

अव्वानं फुलं बाजूला सारली आणि शाफ्ट दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला.

“घे, बसीव. देवाला म्या सांगते.”

“न्हाई अव्वा, मागची दोन चाकं बास हायत. येळ कामून घालवायचा?”

वेळेचं ते निमित्त होतं. कुंकू लावलेल्या त्या लोखंडाला हात लावायला मीच घाबरलो. आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

जाताना कसंबसं निभावलं. येताना अक्का मागे गोधडीवर, तिचा नवरा उशाशी. ओढ्याजवळ मागची चाकं चिखलात नुसती फिरू लागली आणि खोल जात राहिली. पुढच्यांना जोर मिळता तर आम्ही निघालो असतो. तिचा नवरा बैल आणायला पळाला. अक्का मला लहानपणापासून तम्मा, धाकटा भाऊ, म्हणायची.

“तम्मा, गाडी निघाली व्हय रं?”

“निघायलीय, अक्का.”

तिनं पुन्हा विचारलं नाही. बैल आले तेव्हा ती गेली होती.

गावात बोलवा झाली की म्हातारीनं पूजेतला शाफ्ट उचलू दिला नाही, म्हणून लेक गेली. मी कुणाचंही तोंड धरलं नाही.

मुलीला अव्वानंच वाढवलं. बीदर म्हैसूर राज्यात गेलं त्या वर्षी पोर सहा वर्षांची होती. शेजारून काहीतरी ऐकून आली. आम्ही जेवायला बसलो होतो.

“आज्जी, माज्या आईला आणायच्या येळी तू शाफ्ट दिला न्हाईस म्हणं?”

अव्वानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी मोडत राहिलो.

“व्हय बाई,” ती म्हणाली, “म्याच न्हाई म्हणले.”

पोर तिच्याजवळून उठली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली.