सोळा नटांचा खोका

हसायचं तर हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. माझ्या हुशारीचा असा पंचनामा पुन्हा कधी झाला नाही!

तेव्हा आलापल्लीत माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. प्राणहितेच्या घाटावर मारोतीभाऊंची लाकडी नाव चालायची. बाजारातून परतताना अंधार पडायचा, खडक दिसायचे नाहीत. म्हणून पंचायत समितीचे साहेब मला म्हणाले, "रहीमभाऊ, नावेवर लाईट बसवून दाखवा. जमलं तर बाकीच्या पाच घाटांचं कामही तुमचंच."

पाच घाट! मी तर हवेतच चालायला लागलो.

ट्रॅक्टरची बॅटरी घेतली, जुन्या जीपचा डायनॅमो घेतला, आणि तो फिरवायला सायकलचं पायडल. बसल्या बसल्या पाय हलवा, बॅटरी चार्ज! आहे की नाही डोकं? बॅटरी-डायनॅमो लोखंडी खोक्यात घातले आणि खोका नावेच्या बाकाखाली सोळा नटांनी आवळून टाकला.

मारोतीभाऊ खोक्याकडे बघत राहिले. "भाऊ, हे काढता येते ना जी?"

"काढाले काऊन पायजे? चोरी होईन ना! नाव जिथी, बॅटरी तिथी."

"तसं नाई जी, पन उनाळ्यात..."

"उनाची फिकर तुमी नका करू. मी सगळा विचार करून राह्यलो." असं म्हणून मी पाना खिशात टाकला आणि निघालो. त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. मला काय त्याचं!

मे महिन्यात साहेब पाहणीला आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर. घाटावर उतरतो तर काय, नावच नाही! नदी आटलेली, माणसं धोतरं वर खोचून चालतच पलीकडे जात होती.

"नाव कुठं ठेवलीय?" साहेब.

मला घाम फुटला. नक्की चोरी! पाच घाट डोळ्यांसमोरून वाहून गेले. मी धावत मारोतीभाऊंच्या घरी. त्यांची बायको अंगणात धान पाखडत होती.

"बाई, नाव कुठी गेली?"

"कुठी जाईन? डोहात हाये."

डोहावर धावलो. पाणी, आणि पाण्याच्या काठावर एक बगळा. परत धावलो.

"बाई, डोहात नाई ना!"

"हाये ना जी. बरोबर पाहा."

पुन्हा डोह. आता बगळाही नव्हता. माझी नजर गेली, की डोकं गेलं, की बाई माझी मजा घेतात? काहीच कळेना! साहेबही मागोमाग येऊन घड्याळ बघत उभे.

तेवढ्यात मारोतीभाऊ आले आणि शांतपणे बोट दाखवलं. "थे काय, खाली."

वाकून पाहिलं. पाण्याच्या तळाशी, वर दगडांची रास घेऊन, नाव निवांत झोपली होती!

"बुडवली?" मी ओरडलोच.

"बुडवाच लागते. उनाळ्यात सुक्यात ठेवली का फळ्या तडकते. सगळेच ठेवते असं. पानी वाढलं का काढतो."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब मान डोलावत होते. म्हणजे त्यांनाही माहीत! नदीकाठच्या पोराटोरांना माहीत. एकटा मीच शहाणा!

"अन् बॅटरी?" मी विचारलं.

"नाव जिथी, बॅटरी तिथी. तुमीच म्हनले होते."

"अवो, काढून ठेवाची ना!"

"कशी काढू? सोळा नट हाये, अन् पाना तुमच्यापाशी."

मी खिशात हात घातला. पाना होता. इतकी लाज मला लग्नात उलटा सदरा घातला तेव्हाही वाटली नव्हती.

साहेब मात्र भला माणूस. त्यांनी विचारलं, "मारोतीभाऊ, तुम्ही कसं केलं असतं?"

"बांबूची टोपली, साहेब. दोरीची एक गाठ. सोडली का बॅटरी घरी."

पाचही घाटांवर लाईट लागले बरं का! डिझाईन मारोतीभाऊंचं. माझ्याकडे काम एकच होतं, दर उन्हाळ्याच्या तोंडी घाटोघाट जाऊन गाठ सुटते की नाही ते पाहायचं.