सहा मिनिटं, दहा सेकंद

प्रज्ञाताईंच्या गळ्यात काळ्या दोरीला एक स्टॉपवॉच लटकत असे. त्या शाळांमधून मुलांच्या चाचण्या घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ, तेव्हा घड्याळ असणारच, असं मला वाटलं. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला, माझ्या मुलीच्या शाळेत, सायकली लावायच्या जागेलगतच्या छोट्या खोलीत मी त्यांना पहिल्यांदा भेटलो. नऊ वर्षांची इरा वाचनात मागे पडत होती आणि त्या सकाळी तिची चाचणी होती. दारावर पाटी 'प्रज्ञा यान्सेन', नवरा डच. त्यांनी मराठीत "या, बसा" म्हटलं आणि मी विरघळलोच. मी कुठला, काय करतो, आडनाव काय, सगळं कुणी न विचारता सांगून टाकलं. मग सहज म्हणालो, "तुमचं माहेरचं आडनाव काय?"

टक् असा आवाज झाला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "सहा मिनिटं, दहा सेकंद. बरे आहात तुम्ही." आडनाव काही सांगितलं नाही. घड्याळ शून्यावर आणून त्या इराला घेऊन आत गेल्या.

मला काही कळलं नाही. घरी बायकोला, वैदेहीला, कळलं.

"तू त्यांना जात विचारलीस."

"मी आडनाव विचारलं."

"कशाला? पासपोर्ट काढून देणार होतास?"

तीन आठवड्यांनी अहवाल आला. इराचा वाचनाचा वेग वयाच्या मानाने फारच कमी. वर्षभर जादा शिकवणी, तीही वर्गाच्या वेळात. मी ठरवून टाकलं, बाईंनी सूड उगवला. माझा व्यवसाय मोजमापं तपासण्याचा आहे. चाचणीचे मूळ कागद पाहण्याचा पालकांना हक्क असतो; तो मी बजावला. प्रज्ञाताईंनी कागद पुढे ठेवले, कॉफी ठेवली, आणि समोर बसून राहिल्या. मी दीड तास प्रत्येक बेरीज तपासली.

"सापडली चूक?"

"नाही."

"वाईट वाटलं?"

"खरं सांगायचं तर, हो."

त्या मनापासून हसल्या. "इराचे बाबा, तुम्ही आवडलात मला. संशय घ्यावा तर पुरता घ्यावा. अर्धा संशय घेणारा माणूस नुसता चिडतो." हे त्यांचं आवडतं वाक्य. पुढच्या दोन वर्षांत मी ते निदान वीस वेळा ऐकलं.

कारण त्यानंतर त्यांचं आमच्याकडे येणं-जाणं सुरू झालं. मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला त्या आल्या, तेव्हा घड्याळाचा दुसरा उपयोग मला समजला. नवा मराठी माणूस भेटला की त्या ते सुरू करत आणि आडनावाचा प्रश्न आला की बंद. आकडा एका छोट्या वहीत जाई. नावं नाहीत, फक्त वेळ. सर्वांत कमी एकोणीस सेकंद. ("त्यांनी तर बूटही काढले नव्हते.") त्या संध्याकाळी एका गृहस्थांनी आडनाव विचारलंच नाही. गाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, मग चिवड्याची बशी हातात देत म्हणाले, "तुमच्याकडे गौरी उभ्याच्या की खड्यांच्या हो?"

टक्.

"हे धरायचं?" मी कुजबुजलो.

"धरायचं म्हणजे? हे तर सव्याज!"

गेल्या वर्षी त्या एक जाड फाइल घेऊन आल्या. त्यांच्या व्यवसायाच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. नोंदणी नसेल तर अहवालावर सही चालत नाही, म्हणजे काम बंद. या वेळी नवी अट होती: विविधता आणि समान वागणूक या विषयाचं आठ तासांचं प्रशिक्षण. ते त्यांनी ऑनलाइन पूर्ण केलं होतं.

"प्रमाणपत्र म्हणतं आठ तास. माझं घड्याळ म्हणतं तीन तास दहा मिनिटं, त्यात चहा धरून."

"मग शिकवलं काय?"

"भारतीय पालकांवर एक पान होतं. भारतीय पालक शिक्षणाबाबत फार आग्रही असतात. संपलं! तुम्ही आणि मी एकाच चौकटीत, इराचे बाबा. क्षणभर बरंच वाटलं मला. आपल्याकडे कुणी बसवलं असतं का असं शेजारी शेजारी?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. प्रमाणपत्रासोबत नोंदणी समितीला एक लेखी कामही पाठवायचं होतं: तुम्ही हाताळलेलं एक जुनं प्रकरण घ्या आणि त्यात आपलं वागणं समान होतं का, ते तपासा. "लोक यात स्वतःची शोभा होईल असं काहीतरी लिहितात," त्या म्हणाल्या. "मी इराचं घेतलं."

वाचनाच्या चाचणीत मूल अडलं, तर 'घाई नाही, सावकाश' असं म्हणायची परीक्षकाला मुभा असते. सक्ती नसते. म्हटलं की कागदाच्या कडेला एक छोटी खूण करायची. त्या महिन्यात त्यांनी आणखी अकरा मुलं तपासली होती आणि अकराही जणांच्या कागदांवर खुणा होत्या. इरा सात वेळा अडली होती. खूण एकही नाही.

"तुम्ही बेरजा तपासल्यात," त्या म्हणाल्या. "जे मी म्हटलंच नाही, ते कसं तपासणार होतात? तुमच्या प्रश्नानंतर मी थेट तिच्याकडे गेले होते."

सूड हा माझाच शब्द होता, पण आता तो खरा ठरत असताना मला तो वापरवेना.

"हे समितीने वाचलं तर?" वैदेहीने विचारलं.

"नोंदणी थांबवू शकतात."

"आणि दुसरंच एखादं प्रकरण लिहिलं तर?"

"नोंदणी आरामात होईल."

"मग कशाला, ताई?"

"मग अर्धा संशय होईल ना, गं. सगळ्यांचा घेतला आणि स्वतःचा तेवढा सोडला." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मुलगी तुमची. नाव गाळलंय, तरी तुमची परवानगी लागेल. आणि आकडे तपासा. दोन दिवस फाइल ठेवते."

इराची पुन्हा चाचणी करायची सोय त्यांनी एका सहकारी बाईंकडे आधीच केली होती. ती पुढच्या महिन्यात झाली. वेग तेव्हाही कमीच निघाला, पण बराच कमी फरकाने. जुने कागद पाहून त्या बाई म्हणाल्या, ती वर्षभराची शिकवणी सहा महिन्यांतही भागली असती. कशी झाली म्हणून विचारलं, तर इरा नेहमीप्रमाणे डचमध्ये म्हणाली, "या बाई वाट बघतात." ते वाक्य मला आकड्यांपेक्षा जास्त लागलं.

फाइल घरी होती त्या दोन दिवसांत मी तिच्यातला तक्ता, नावं झाकलेल्या कागदांच्या प्रतींशी ताडून, तपासला. दुसऱ्या संध्याकाळी प्रज्ञाताई फाइल न्यायला आल्या.

"अकरा चूक आहे," मी म्हणालो. "दोन मुलं अडलीच नव्हती. त्यांच्या खुणा शेवटच्या पानावरच्या आहेत, ती वेगळी चाचणी. नऊ लिहा."

त्यांनी कागद जवळ ओढला. एकेक खूण पुन्हा मोजली. "म्हणजे स्वतःला झोडपतानाही मी फुगवलंच."

"दोनने."

मी परवानगीवर सही केली. माफ केलं म्हणून नाही; आकडा आता बरोबर होता म्हणून.

दोन महिन्यांनी समितीचं उत्तर आलं. आठ तासांचं प्रमाणपत्र पोचलं, अट पूर्ण, नोंदणी पाच वर्षांसाठी मंजूर. लेखी कामाबद्दल एक अक्षर नाही. प्रज्ञाताई ते पत्र दाखवायला आल्या, तेव्हा मी अभिनंदन केलं. त्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदाच थकलेल्या दिसल्या.

"कुणी वाचलंच नाही हो."

"मी वाचलं."

"पुरतं?"

"पुरतं. दोनदा."

या उन्हाळ्यात नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या हूफडॉर्पला राहायला गेल्या. निघायच्या दिवशी त्यांनी इराला जवळ घेतलं, म्हणाल्या, "घाई नाही, सावकाश," आणि ते स्टॉपवॉच काढून तिच्या गळ्यात घातलं. मग माझ्याशी हात मिळवला आणि कुणी न विचारता आपलं माहेरचं आडनाव सांगितलं.

ते मी इथे लिहिलेलं नाही. वाचता वाचता ते जाणून घ्यावंसं वाटलं असेल, तर कितव्या मिनिटाला वाटलं, तेवढं पाहून ठेवा.