अण्णाच्या कोडवाचून कुठंच अडेना

आमच्या घराण्यात दोघंच कॉम्प्युटरवर बसले. एक मी, शिकून. दुसरा अण्णा, माझा थोरला भाऊ, हट्टानं. तो बीदरच्या शाळेत गणित शिकवायचा आणि चाळिशी ओलांडल्यावर कोड लिहायला शिकला. शिकला म्हणजे माझ्या डोक्यावर बसला. "तू नुसतं दाखव रे, समजायचं काय ते मी बघतो," म्हणायचा आणि न समजलेलंसुद्धा खुशाल चालवून दाखवायचा.

त्यातून आमची सॉफ्टवेअर लायब्ररी झाली. लायब्ररी म्हणजे तयार कोडचं गाठोडं. ज्याला लागेल त्यानं फुकट उचलावं. आमचं गाठोडं लग्नपत्रिकांचं. आमच्याकडं नवरदेवाचं घर मराठी, मामा कन्नड आणि वडिलांचे जुने दोस्त उर्दू वाचणारे. तिन्ही लिप्या एकाच कागदावर नीट बसल्या नाहीत तर मांडवात कुणीतरी रुसतंच. ती मांडणी आमची लायब्ररी करते. सीमेवरच्या कितीतरी छापखान्यांत ती चालते, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. छापखान्यांचे फोन मात्र अण्णा घ्यायचा. मी बोलायला लागलो की त्यांच्या यंत्रातली शाई वाळते, असं त्याचं म्हणणं.

या लायब्ररीच्या पोटात अण्णाचा एक खास तुकडा होता. छापखान्यांच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या पद्धतीत आणला की नवरदेवाच्या 'चि.'ची वेलांटी च ला सोडून पुढं पळायची. अण्णाचा कोड तिला कान धरून जागेवर आणायचा. पण तो कोड कुण्या परक्याच्या जुन्या पॅकेजवर टेकलेला. याला आमच्यात डिपेंडन्सी म्हणतात. आमटी आपली, मसाला शेजारणीचा, आणि शेजारीण तिखट आणणार तिच्या बहिणीकडून. ती बहीण गाव सोडून गेली की आपल्या आमटीचं काही खरं नाही.

आधी अण्णा देवाघरी गेला. नंतर ती बहीणही गेली. जुनं पॅकेज सांभाळणाऱ्यांनी हात वर केले.

लग्नसराईच्या तोंडावर आळंदच्या एका छापखानेवाल्याचा फोन आला. त्याची आमची ओळख फोनपुरतीच.

"साहेब, नवीन कॉम्प्युटर आणलोय, तर तुमचं ते बसंनाच झालंय. नुसती लाल अक्षरं दाखवायलंय."

"जुने फॉन्ट वापरता का अजून?"

"कोण वापरतंय? समदे मोबाइलवर टाइप करून पाठवायलेत की. सोयरे बसलेत हितं, लवकर बघा जरा."

म्हणजे अण्णाचा तुकडा आता कुणालाच लागत नव्हता, आणि त्याच्या खालच्या जुन्या पॅकेजपायी लायब्ररी नव्या कॉम्प्युटरवर बसत नव्हती. काढणं भाग होतं.

मी पडलो नाटक्या. काढायच्या आधी तो तुकडा उघडला आणि नौबादच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून खड्या आवाजात वाचायला घेतला. कोडच्या मधे मधे अण्णाच्या टिपा होत्या. एका जागी, 'हे कामून चालतंय माहीत न्हाई. पण चालतंय.' मी इतका हसलो की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. त्याच्या खाली, 'इथं धाकट्यानं हात लावू नये.' तिथून पुढचं मनातल्या मनात वाचलं.

अशा कामाची एक रीत आहे. आधी तुकडा नुसता बंद करायचा, मग सगळ्या चाचण्या चालवायच्या आणि काय मोडतंय ते बघायचं. जे मोडेल ते सांगतं की हा तुकडा अजून लागतो. जगातला प्रत्येक प्रोग्रामर या वेळी काही मोडू नये म्हणून देव पाण्यात ठेवतो. मी मोडावं म्हणून ठेवले होते.

काहीच मोडलं नाही.

मग वरच्या खोलीत बसून मी दुष्टपणा सुरू केला. मनानंच भयंकर पत्रिका रचल्या. मुलगा हळ्ळीखेडचा, मुलगी औरादकडची, मामांची फौज कन्नडमध्ये, आशीर्वाद उर्दूत, मधेच जोडाक्षरांची आडवी-उभी चळत, वर एका आजोबांच्या नावाला इतक्या पदव्या की कागद संपावा. एक तरी अक्षर सांडू दे, म्हणत होतो. एकाही मामाची मात्रा हलली नाही. पत्रिका पूर्वीपेक्षा लवकर निघत होत्या.

शेवटची आशा वहिनी. तिनं नको म्हटलं असतं तर मी आळंदवाल्याला काहीही थाप मारली असती. खाली गेलो, ती शेंगा फोडत होती. सगळं सांगितलं, हातवारे करून.

"मग मला कामून विचारायलाव?" ती म्हणाली. "माझा पाटा-वरवंटा उचलून मिक्सर आणून ठेवला, तवा तुमच्या अण्णानं मला विचारलं व्हतं का?"

"वहिनी, पाट्याचं वेगळं..."

"काय वेगळं? माझ्या मायनं दिलेला व्हता." तिनं शेंगांची आणखी एक मूठ सुपात ओढली. मग तिनं विचारलं, "काढल्यावर ते जातंय कुठं?"

"जात न्हाई. जुन्या नोंदींत राहतंय, कोणी काय लिहिलं, कोणी काय काढलं, समदं."

"कोण बघतंय तिथं?"

"कोणी न्हाई," म्हणालो.

तिनं मान हलवली. "काढा. लोकांची लग्नं अडायलेत." आणि सूप घेऊन आत गेली. मागं फोलपटं तशीच पडली होती. वहिनी असं कधी ठेवत नाही.

मी वर येऊन अण्णाचा तुकडा काढला, त्याच्या खालचं जुनं पॅकेज काढलं आणि नवी आवृत्ती पाठवून दिली. संध्याकाळी आळंदहून फोन.

"बसलं साहेब! झटक्यात बसलं! सोयरे बी खूश. हे मोठ्या साहेबांचंच काम दिसायलंय, त्येंचा हात लागल्याबगर एवढं साफ होत न्हाई. लई दिवस झाले बघा त्येंच्याशी बोलून. सांगा त्येंला माझं नाव."

ज्यातून अण्णाला मी दुपारीच पुसून काढलं होतं, त्यात या माणसाला अण्णाचाच हात दिसत होता. मागून सोयऱ्यांचा हसण्याचा आवाज येत होता, कुणीतरी पत्रिका मोठ्यानं वाचत होतं.

"सांगतो," मी म्हणालो.